नववीचं वर्ष कशासाठी?

जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळी ओळखीतलं एक जोडपं घरी आलं, सोबत त्यांची आठवीतली मुलगी. वडिलांच्या हातात एका क्लासची जाड, गुळगुळीत पुस्तिका होती. आठवी ते बारावी असा पाच वर्षांचा फाउंडेशन कोर्स, फी हप्त्यांत, महिनाअखेरपर्यंत नाव घातलं तर सवलत. बसता बसता त्यांनी विचारलं, “मॅडम, आम्हाला उशीर तर नाही ना झाला?” मुलगी तेरा वर्षांची होती.

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. नोकरीला लागले तेव्हा हा प्रश्न दहावीच्या सुट्टीत यायचा. मग तो नववीत येऊ लागला, आता आठवीत येतो, आणि गेल्या वर्षी एका आईनं सहावीतल्या मुलासाठी विचारला. विचारणाऱ्यांच्या काळजीत खोट नसते. घरातली मोठी पुंजी आणि मुलाची चार-पाच वर्षं पणाला लागणार असतात, आणि माहिती मिळते ती बहुतेक वेळा ज्याला काही विकायचं आहे त्याच्याकडून. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा नीट मांडावा असं वाटलं. माझं मत आधीच सांगते. आठवी-नववीत तयारी सुरू करावी हे मला मान्य आहे. तयारी कशाची करायची, इथे माझा त्या पुस्तिकेशी मतभेद आहे.

आधी नियम पाहू. जेईई मेन, जेईई ॲडव्हान्स्ड आणि नीट या तिन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे. आपल्या एमएचटी-सीईटीत अकरावीला साधारण २० टक्के आणि बारावीला ८० टक्के भार असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. या परीक्षांच्या गुणवत्ता यादीत आठवी-नववीच्या गुणांना काहीही स्थान नाही. दहावीचे गुण पाहिले जातात ते फार तर दोन विद्यार्थी सीईटीत अगदी बरोबरीत आले तर. बारावीच्या गुणांचीही एक किमान रेषा पार केली की पुरे. आयआयटी-एनआयटीसाठी खुल्या गटाला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं, नीटसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून ५० टक्के, राज्यातल्या अभियांत्रिकीसाठी ४५ टक्के. राखीव गटांना या अटी सौम्य आहेत.

म्हणजे नववीतल्या मुलावर जो ताण आहे तो नियमांतून आलेला नाही. नववीचं वर्ष नियमांनी मोकळं सोडलेलं आहे.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं, आणि कॉलेजात अर्ज करताना चारही वर्षांचं गुणपत्रक जातं. कोणते विषय घेतले, वर्गाबाहेर काय केलं, शिक्षक पत्रात काय लिहितात, स्वतः निबंधात काय लिहिलं, हे सगळं पाहिलं जातं. न्यू जर्सीतल्या मराठी घरात नववीच्या मुलाचं नियोजन आईवडील कागदावर मांडतात त्याला आधार आहे. इथूनही कुणाला बारावीनंतर थेट तिकडे जायचं असेल तर नववीपासूनची गुणपत्रकं जपून ठेवावीत, कारण ती मागितली जातात. आपल्याकडे मात्र तिथली घाई आली आणि तिचं कारण तिथेच राहिलं. पुढे हे बदलू शकतं. केंद्राच्या ‘परख’ या मूल्यमापन संस्थेनं २०२४ मध्ये बारावीच्या निकालात नववीपासूनच्या गुणांना वाटा द्यावा अशी शिफारस केली. पण शिफारशीच्या भरवशावर तेरा वर्षांच्या मुलाची संध्याकाळ खर्ची घालू नये.

मग ही घाई आली कुठून? आकडे हे पहिलं उत्तर. जेईई मेनला सुमारे १४ लाख मुलं बसतात, त्यातली अडीच लाख ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात, आणि २३ आयआयटींमध्ये मिळून जागा अठरा हजारांच्या आसपास. नीटला २०२४ मध्ये २३ लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात, त्यांतल्या साधारण निम्म्या सरकारी. खासगी कॉलेजची फी ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे त्यांच्यासाठी स्पर्धा या निम्म्या जागांचीच. आकडे इतके विषम असले की प्रत्येकाला वाटतं, आपण शेजाऱ्याच्या एक वर्ष आधी सुरुवात करावी. शेजाऱ्यालाही तेच वाटतं.

दुसरं उत्तर आपल्या राज्याच्या इतिहासात आहे, आणि तिथे थोडं थांबायला हवं. नव्या १०+२+३ रचनेतली दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली, बारावीची १९७७ मध्ये. त्यानंतर कितीतरी वर्षं वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची, पेढा भरवतानाचे फोटो पेपरात यायचे. त्या यादीत मराठवाड्यातली नावं एकाएकी वाढू लागली तेव्हा ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द घराघरांत पोचला. राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांत काय चाले हे तिथे शिकलेल्या सहकाऱ्यांकडून मी अनेकदा ऐकलं आहे. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग उजळणी, मग चाचणी, पेपर तपासून परत, चुका पुन्हा सोडवायच्या, पुन्हा चाचणी. सुट्ट्यांत तास. यात पाठांतराचा भाग मोठा होता, आणि त्यावर तेव्हाही टीका झाली. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. ते काम कॉलेजनं केलं होतं, पगारी प्राध्यापकांनी, हजेरीपटावरच्या मुलांसाठी. वडिलांकडे शेती सोडून काही नसलेल्या गावाकडच्या मुलाला ते मिळत होतं. पुढे तोच शब्द खासगी क्लासच्या पाट्यांवर गेला आणि लातुरात गल्लोगल्ली मेस, अभ्यासिका, भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. माझ्या मते आपलं सगळ्यात मोठं नुकसान त्या वळणावर झालं.

राजस्थानातल्या कोटा शहराची गोष्टही लहानच सुरू झाली. तिथल्या कारखान्यात अभियंता असलेले व्ही. के. बन्सल, स्नायूंच्या दुर्धर आजारानं चाकाच्या खुर्चीत बसलेले, १९८० च्या दशकात घरी मुलांना शिकवू लागले. त्यातून कोचिंगचं ते शहर उभं राहिलं, जिथे पुढे देशभरातून वर्षाला दोन लाखांच्या आसपास मुलं येऊ लागली.

सरकारनं आणि आयआयटींनी हे थांबवायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. २००६ मध्ये आयआयटीची परीक्षा सोपी, एकाच टप्प्याची केली, संधी दोनच ठेवल्या, बारावीला ६० टक्क्यांची अट घातली. उद्देश हाच की क्लासवरची भिस्त कमी व्हावी. २०१३ मध्ये पुन्हा दोन टप्पे आले, मेन आणि ॲडव्हान्स्ड, आणि एनआयटीच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वाटा मिळाला, म्हणजे मुलं शाळेकडे वळतील. क्लासनी बोर्डाच्या तयारीची वेगळी बॅच काढली. २०१७ पासून तो वाटाही गेला. प्रत्येक बदलानं घाबरलेल्या पालकांची एक नवी फळी क्लासच्या दारात उभी केली, कारण बदललेला नियम सर्वांत आधी समजावून सांगणारा माणूस तिथेच बसलेला होता.

पाच वर्षांच्या कोर्सबद्दल माझा खरा आक्षेप इथून सुरू होतो. २०१२ च्या जूनमध्ये आठवीत गेलेल्या मुलाचा विचार करा. त्याची बारावी २०१७ ला. तो आठवीत असताना अभियांत्रिकीची देशपातळीवरची परीक्षा बदलली. नीट पहिल्यांदा झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द ठरवली. २०१४ आणि २०१५ ला महाराष्ट्रानं अभियांत्रिकीसाठी स्वतःची सीईटी सोडून जेईई मेन धरली, २०१६ ला सीईटी परत आणली. त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये न्यायालयानं नीट पुन्हा लागू केली. आपल्या राज्याची सीईटी तेव्हा आठवड्यावर आली होती. त्या दिवसांतले माझ्या वर्गातले चेहरे मी विसरलेले नाही. राज्य मंडळाची पुस्तकं तोंडपाठ असलेल्या मुली रडवेल्या होऊन एनसीईआरटीची पुस्तकं शोधत फिरत होत्या. अध्यादेश निघाला, राज्याच्या जागांना त्या वर्षापुरती सूट मिळाली, पण पुढच्या बॅचला नाही. म्हणजे २०१२ ला ज्या परीक्षेसाठी पाच वर्षांचे पैसे भरले असते ती परीक्षा २०१७ ला तशी उरलीच नव्हती. २०१९ च्या आठवीच्या मुलांचीही तीच गत. मध्ये करोना आला, बारावीच्या वर्षी जेईई आणि नीटचा अभ्यासक्रम कमी झाला, आणि २०२४ च्या नीटमध्ये पेपरफुटीचं प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊन देशभर गाजलं. त्या वर्षीच्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते.

परीक्षा बदलत राहते. अपूर्णांक बदलत नाहीत.

आता त्या पुस्तिकेत काय होतं ते सांगते. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी तीन तास, रविवारी चाचणी. नववीत दहावीचं गणित संपवायचं, दहावीच्या सुट्टीआधी अकरावीतल्या भौतिकशास्त्राची सुरुवात. उत्तरं ओएमआर पत्रिकेवर. दर चाचणीनंतर क्रमांक, तो पालकांच्या मोबाइलवर. प्रवेशाआधी ‘स्कॉलरशिप टेस्ट’, जिच्यात माझ्या माहितीतल्या प्रत्येक मुलाला काही ना काही सवलत मिळाली आहे. सगळंच वाईट असतं असं मी म्हणणार नाही. काही शिक्षक मनापासून शिकवतात, आणि जिथे शाळेत गणिताचा शिक्षकच नाही तिथे हाच आधार असतो. पण पुढचं आधी शिकवल्यानं पाया पक्का होतो हे गृहीतक मला बावीस वर्षांत खरं ठरलेलं दिसलं नाही.

त्या संध्याकाळी मी मुलीला एक प्रश्न विचारला. तीन छेद चार भागिले एक छेद दोन. तिनं क्षणात उलटा करून गुणलं आणि सांगितलं, “तीन छेद दोन.” बरोबर. मी म्हटलं, “आता मला याची गोष्ट सांग.” ती गोंधळली. “पाऊण लिटर दूध आहे. अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायचं आहे. किती पिशव्या?” ती थांबली, हातानं हवेत पिशवी भरल्यासारखं केलं, आणि म्हणाली, “एक पूर्ण, एक अर्धी. दीड!” मग स्वतःशीच, “म्हणजे तीन छेद दोन म्हणजे दीड पिशवी.” तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला बारावीच्या वर्गात क्वचित पाहायला मिळतं. तिच्या आईनंही ते पाहिलं.

अकरावीत मुलं कोसळतात ती इथे. दहावीला गणितात नव्वदच्या पुढे असलेली मुलं पहिल्या घटक चाचणीत निम्म्यावर येतात आणि घरात हाहाकार होतो. पायरी खरोखरच उंच आहे. दहावीपर्यंत उदाहरणं ठरलेल्या साच्यांतून येतात, अकरावीत त्रिकोणमितीची फलं, सदिश, लॉगॅरिदम, सीमा हे सगळं एकदम येतं आणि भौतिकशास्त्राचे सर पहिल्याच आठवड्यात ते वापरायलाही लागतात. त्या मुलांच्या उत्तरपत्रिका मी काळजीपूर्वक पाहिल्या आहेत. त्यांचं अडतं ते सीमांपाशी नाही. वेगाच्या सूत्रातून वेळ बाजूला काढताना चिन्ह चुकतं. गुणोत्तर आणि फरक यांत गल्लत होते. आलेख दिला तर रेषेचा चढ काय सांगतो हे कळत नाही. चार ओळींचं उदाहरण शेवटपर्यंत वाचायचा धीर नसतो. हे सगळं सहावी ते नववीचं सामान आहे. ते पक्कं करायला नववीचं मोकळं वर्ष वापरलं तर अकरावीची ती पायरी निम्मी होते, असं मी जबाबदारीनं सांगते.

भाषेचं तसंच. मराठी माध्यमातल्या मुलानं घाबरून आठवीत माध्यम बदलू नये असं मला ठामपणे वाटतं. विचार मराठीत पक्का झाला की तो दुसऱ्या भाषेत नेता येतो. पण व्यवहारही पाहायला हवा. नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात, ॲडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते, सीईटीचा गणिताचा पेपर इंग्रजीतच. म्हणून आठवीपासून एक साधी वही करावी: त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन. रोज दोन शब्द. माझे एक सहकारी तालुक्याच्या शाळेत हे करून घेतात आणि त्यांची मुलं अकरावीत बिचकत नाहीत.

या वयात परीक्षा द्यायच्याच तर चांगल्या परीक्षा आहेत. आठवीत एनएमएमएस आहे, आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलांसाठी. अनुदानित किंवा सरकारी शाळेत शिकणारं आणि साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातलं मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अनेक शाळा मुलांना तिची नीट माहितीही देत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. सहावी आणि नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, जिच्यात प्रयोग करून दाखवावा लागतो आणि प्रकल्पही करावा लागतो. ज्यांना गणिताची खरी ओढ आहे त्यांनी ऑलिंपियाडचे जुने प्रश्न सोडवावेत. एका प्रश्नावर दोन दिवस घालवायची सवय तिथे लागते. एनटीएस ही जुनी, मानाची परीक्षा २०२१ पासून बंद आहे, तिची जागा भरून निघालेली नाही.

बाजाराकडे पुन्हा वळते, कारण पालकांना त्यांचे हक्क माहीत असायला हवेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, दहावीच्या परीक्षेनंतरच घ्यावं, क्रमांकाची हमी देऊ नये, मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर स्वतंत्र नियम केले. कागदावर हे सगळं आहे, गावात फाउंडेशनच्या पाट्या आहेत तशाच आहेत. जानेवारी २०२५ मध्ये उत्तर भारतातल्या एका मोठ्या क्लासच्या अनेक शाखा एकाएकी बंद पडल्या आणि आगाऊ फी भरलेले पालक पोलीस ठाण्यांत रांगा लावून उभे राहिले. म्हणून माझं सांगणं इतकंच: पाच वर्षांची फी एकदम भरू नका. वर्षाची भरा, पावती घ्या, परताव्याची अट लेखी मागा.

आणि इंटिग्रेटेड. दहावीनंतर कॉलेजात नाव, शिक्षण क्लासमध्ये. सीबीएसईच्या जगात याला डमी स्कूल म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंडळानं अशा २१ शाळांची संलग्नता काढली. आपल्या सरकारनं २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तरी रिकामे बाक मी स्वतः मोजले आहेत. ज्या मुलानं ब्युरेटमधला शेवटचा थेंब पडताना फ्लास्कचा रंग बदललेला पाहिला नाही त्याला टायट्रेशन हे प्रकरण म्हणजे एक सूत्र. माझ्या डोळ्यांदेखत प्रयोगाच्या जर्नली मुलं एका रात्रीत उतरवून काढतात. ही मुलं आपल्या मुलांचे डॉक्टर होणार आहेत, या विचारानं मला अस्वस्थ व्हायला होतं.

ज्या नियोजनाबद्दल कुणी पुस्तिका काढत नाही ते कागदपत्रांचं आहे. आठवी-नववीत खरोखर सुरू करायला हवं असं काही असेल तर ते हे. वैद्यकीयच्या राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी साधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, अधिवास प्रमाणपत्रही लागतं. कोटा शहरात पाठवून तिथल्याच शाळेतून बारावी केली की मूल त्या जागांना मुकतं आणि उरतो फक्त १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि खासगी-अभिमत कॉलेजं. हे निकालानंतर कळलेली घरं मी पाहिली आहेत. राखीव प्रवर्गातल्या मुलांना जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातीला १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचे, ओबीसीला १९६७ पूर्वीचे. आजोबांचा शाळेचा दाखला शोधायला एक सुट्टी जाते, नावातली चूक दुरुस्त करायला दुसरी. बारावीच्या मे महिन्यात समितीच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला पाहून मला नेहमी वाटतं, हे काम नववीच्या दिवाळीत झालं असतं. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षी वैध असावं लागतं, आणि केंद्राच्या परीक्षांसाठी त्याचा नमुनाही वेगळा असतो. मुलींच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०२४-२५ पासून राज्यानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. मुलीवर खर्च कशाला, हे बोलणं ज्या घरात अजून निघतं तिथे हा आदेश छापून न्यावा.

वाटा दोनच नाहीत, हेही नववीत कळायला हवं. पॉलिटेक्निकला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, तीन वर्षांनी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हातानं काम करून शिकणाऱ्या मुलासाठी ही वाट उत्तम आहे, आणि शहरी घरांत तिला जो कमीपणा चिकटवला आहे तो निराधार आहे. सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था १९७७ पासून दहावीच्याच वर्षी मुलगे निवडते, आणि २०२३ पासून नाशिकला मुलींसाठी तशी संस्था आहे. विज्ञानाची ओढ असेल तर पुण्यातल्या आयसरसाठी स्वतंत्र परीक्षा असते, मुंबईतल्या मूलभूत विज्ञान केंद्रासाठी नेस्ट ही परीक्षा आहे. वास्तुकला, डिझाइन, कायदा यांच्या परीक्षा वेगळ्या. या सगळ्यांसाठी आठवीत क्लास लागत नाही. दहावीनंतर गणित सोडायचं की ठेवायचं हा निर्णय मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावा. सोडलेलं गणित परत धरणं अवघड असतं.

झोपेबद्दल बोलल्याशिवाय मला हे थांबवता येणार नाही. सकाळी सातची शाळा, रात्री नऊपर्यंत क्लास, मग दोन्हीकडचा गृहपाठ. तेरा-चौदा वर्षांची मुलं साडेपाच-सहा तास झोपतात आणि पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवायची धडपड करतात. २०२३ मध्ये कोट्यात दोन डझन मुलांनी आयुष्य संपवलं. प्रशासनानं वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचा आदेश काढला. त्या आदेशाची बातमी वाचली त्या दिवशी मी वर्गात शिकवू शकले नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी शाळा, कॉलेज आणि कोचिंग यांना बंधनकारक मार्गदर्शक सूचना दिल्या. समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या बॅच पाडू नयेत. हे न्यायालयाला सांगावं लागलं. घरात यातलं एक आजच करता येतं: चाचणीचा क्रमांक मोबाइलवर आला तरी जेवणाच्या ताटावर त्याचा विषय काढायचा नाही.

त्या जोडप्यानं पाच वर्षांची फी भरली नाही. वडिलांना मी वैधतेच्या पुराव्यांची यादी लिहून दिली आणि म्हटलं, “मुलीला बरोबर न्या.” दिवाळीच्या सुट्टीत ते गावी गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं प्रवेश रजिस्टर काढून दिलं, आणि १९५४ च्या पानावर आजोबांचं नाव सापडलं. चौथीत शाळा सोडल्याची नोंद होती.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. आजोबांबद्दल ती बोललीच, पण तिला दुसरंच काही विचारायचं होतं. “मॅडम, त्या पानावर तेवीस मुलं आहेत. त्यातल्या सोळांची जन्मतारीख एक जून आहे. असं खरंच होण्याची शक्यता किती?”

संभाव्यता हे प्रकरण दहावीत येतं. आम्ही त्याच रविवारी वही घेऊन बसलो.